उजनीत होडीत बसताय? आधी काठावर पाच मिनिटं थांबा

भिगवण : थंडी पडली की कुंभारगाव, डिकसळ, भिगवणच्या काठावर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागायला सुरुवात होते. रोहित पक्षी बघायचे, होडीतून एक चक्कर मारायची, चिलापी खायची आणि संध्याकाळी परत. गावातल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात. मासेमारी करणाऱ्या घरांनी होड्यांना रंग दिलाय, बाकडी बसवलीत, कुणी इंजिन घेतलंय. आता तर सुट्टीत पाहुणे आले की गावातलीच माणसं पोराबाळांना घेऊन होडीत बसतात. पाणी दारात आहे म्हटल्यावर बसणारच.

पण याच पाण्यात २१ मे २०२४ ला काय झालं ते या भागात कुणी विसरलेलं नाही. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली आणि सहा जण गेले. त्यात दोन लहान लेकरं होती. एक जण पोहत काठाला लागला. ते काही फिरायला निघालेले नव्हते, रोजच्यासारखं पलीकडे जायचं म्हणून बसले होते. २०१७ साली फिरायला आलेल्या डॉक्टरांची बोट याच जलाशयात उलटली होती आणि चार डॉक्टर बुडाले होते. कामाला निघालेला असो की मौजेला आलेला, पाणी दोघांना एकाच मापाने मोजतं.

अपघात झाला की आठ दिवस चर्चा होते, बोटी बंद होतात, पंचनामे होतात, पुलाची मागणी पुन्हा वर येते. पूल झाला पाहिजे यात वाद नाही. पण पूल झाला तरी फिरायच्या होड्या चालूच राहणार. तेव्हा होडीत बसणाऱ्याला आणि चालवणाऱ्याला काय कळायला पाहिजे, हे एकदा नीट समजून घ्यायला हरकत नाही. यातलं बरंचसं जुन्या नावाड्यांना ठाऊक असतं, पण त्यांनी ते कुणाला बसवून शिकवलेलं नसतं. आणि नव्या इंजिनवाल्या पोरांना चावी फिरवता आली की बोट येते असं वाटतं.

धरण मायनसमध्ये गेलं तरी

पहिला गैरसमज पाण्याचाच. उजनीची साठवण मोठी, साधारण ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत, म्हणजे आपण ज्याला मायनस म्हणतो तो. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की लोक म्हणतात, आता कुठलं पाणी राहिलंय, गुडघाभर असेल. २०२४ च्या मे महिन्यात धरण मायनसमध्येच होतं. पाणी आटतं ते कडेकडेने. मधून भीमेचं जुनं पात्र गेलेलं आहे, तिथे खोली कायम असते. काठापासून लांबपर्यंत कमरेएवढं पाणी आणि पुढच्या चार पावलांत एकदम डोक्यावर, असं या जलाशयात जागोजागी आहे.

उलट पाणी कमी झालं की काही धोके वाढतात. धरण बांधताना गावं पाण्याखाली गेली. घरांची जोती, विहिरी, बाभळीची खोडं, जुने बांध सगळं खाली आहे. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, ते बघायला लोक होडीने जातात. देऊळ दिसतं, पण त्याच्या आजूबाजूचे दगड दिसत नाहीत. इंजिनचा पंखा दगडाला लागला की पिन तुटते आणि बोट वाऱ्याच्या हवाली होते.

आणि एक गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाच्या कधीच लक्षात येत नाही. पाणी मागे सरकलं की शेतकरी मोटारी पुढे पुढे नेतात. पाइप आणि केबली पाण्यातून, चिखलातून गेलेल्या असतात. जोड उघडा पडलेला असला तर त्या पाण्यात हात घालणंही जिवावर बेततं. मोटारींच्या रांगेतून बोट न्यायची नाही, वळसा घालायचा. जाळ्यांचंही तसंच. पाण्यावर बाटल्या, थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले की खाली जाळं आहे असं समजावं. पंख्यात जाळं अडकलं की बोटही थांबते आणि जाळेवाल्याचं नुकसान होतं ते वेगळंच.

बोटीत किती माणसं?

हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर काठावर सहसा "बसा, होतंय" असंच मिळतं.

वीस फुटांच्या आतल्या लहान बोटीसाठी अमेरिकेच्या तटरक्षक दलाने लोकांना एक साधा ठोकताळा दिला आहे, तो कुणालाही करता येतो. बोटीची लांबी फुटात घ्या, रुंदी फुटात घ्या, गुणाकार करा आणि पंधराने भागा. १८ फूट लांब, ५ फूट रुंद बोट असेल तर नव्वद भागिले पंधरा म्हणजे सहा. चालवणारा धरून सहा. माणूस सरासरी अडुसष्ट किलोचा धरलाय आणि हवा शांत आहे असं गृहीत धरलंय. वारा असला तर त्यातूनही कमी करायचे. आपल्याकडे होडीत मोटारसायकल चढवतात. मोटारसायकल शंभर-सव्वाशे किलोची, म्हणजे जवळजवळ दोन माणसं. शिवाय तिचं वजन उंचावर असतं आणि ती कलली तर आवरत नाही.

टेप नसेल तर नजरेने बघा. सगळे बसल्यावर बोटीची कड पाण्याच्या वर किती राहिली? वर सांगितलेल्या मापाच्या बोटीत एक माणूस चढला की ती साधारण एक सेंटिमीटर खाली जाते. दहा माणसं जादा घेतली की चार बोटं अंतर गेलं. काठावर पाणी संथ असताना ते कळत नाही. उघड्या पाण्यात जोराच्या वाऱ्याने दीड फुटाची लाट सहज उठते. कड पाण्याच्या वर एक वीतभर असेल तर ती लाट थेट आत येणार. हात बाहेर सोडला की बोटं पाण्याला लागतात अशी बोट असेल तर उतरावं. पैसे दिले असले तरी उतरावं.

आत आलेलं पाणी फार वाईट. पंधरा लिटरच्या दहा बादल्या पाणी म्हणजे दीडशे किलो, दोन जादा माणसं. माणूस निदान एका जागी बसतो. पाणी बोट जिकडे कलेल तिकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून बोटीत तळाला पाणी साचू द्यायचं नसतं. बादली किंवा तोंड कापलेला कॅन बोटीत दोरीने बांधून ठेवलेला असलाच पाहिजे. नुसता ठेवला तर गरजेच्या वेळी तो पहिला वाहून जातो.

थवा उडाला की

फिरायच्या बोटीचा खरा घात होतो फोटोच्या वेळी. रोहित पक्ष्यांचा थवा उडतो, गुलाबी पंख उघडतात, आणि बोटीतले सगळे एकदम एका बाजूला उभे राहतात. बसलेल्या माणसाचं वजन खाली असतं, बोट स्थिर असते. तोच माणूस उभा राहिला की वजन वर जातं. सहा माणसं उभी राहून एका कडेला गेली तर वारा नसतानाही बोट कलंडते.

म्हणून चालवणाऱ्याने सुटायच्या आधी दोन वाक्यं बोलायची सवय लावून घ्यावी. कुणीही उभं राहायचं नाही. फोटोसाठी मी बोट फिरवून देतो, तुम्ही जागा सोडायची नाही. हे ऐकायला कडक वाटतं, पण गिऱ्हाईक त्याने तुटत नाही. उलट शहरातल्या माणसाला असा नावाडी भरवशाचा वाटतो. जागा बदलायचीच असेल तर एका वेळी एकाने, वाकून, दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या कडा धरून.

पक्ष्यांजवळ जायच्या हट्टापायी बोट उथळ गाळात घालणं हाही एक प्रकार असतो. मग कुणीतरी ढकलायला उतरतो आणि मांडीपर्यंत रुततो. उजनीचा गाळ पाय सोडत नाही. रुतलेल्या माणसाने उभं राहून ओढाताण करू नये, मागे कलून अंग पसरावं आणि पाय हळूहळू एकेक काढावा. बोटीतून त्याला वल्हं किंवा बांबू आडवा द्यावा. मुळात इंजिन बंद करून बांबूने रेटत गेलं आणि लांबच थांबलं तर पक्षीही उडत नाहीत. चांगले नावाडी तसंच करतात.

जॅकेट बाकड्याखाली नको

जॅकेट आहेत का विचारलं तर आहेत. कुठे? बाकड्याखाली. पोलीस किंवा तहसीलचं कुणी आलं की बाहेर निघतात. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालणं जमत नाही, हे ज्याने एकदा करून बघितलंय त्याला विचारा. कपडे ओले, लाट तोंडावर, बंद सापडत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जण गेले. त्यानंतर तिथल्या फेरीबोटींत जॅकेट अंगात घालणं सक्तीचं केलं गेलं. अपघातानंतर सक्ती होते, ही आपली जुनी रीत.

जॅकेट चांगलं की वाईट हे रंगावरून कळत नाही. प्रौढ माणसाला तोंड पाण्यावर धरून ठेवायला चांगलं जॅकेट साधारण दहा किलोची उचल देतं. पोहता येणाऱ्यासाठीचं हलकं असतं, ते पाच किलोच्या आसपास देतं. जुनं झालं, उन्हात पडून राहिलं, त्यावर लोक उशी म्हणून बसले की आतला फोम दबतो आणि उचल कमी होते. तपासायची सोपी रीत आहे. किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी वजन जॅकेटला बांधा आणि पाण्याच्या टाकीत सोडा. बुडालं तर ते जॅकेट नाही, नुसता रंगीत कपडा आहे. बोटवाल्यांनी दर हंगामाच्या सुरुवातीला एवढं तरी करावं. जॅकेट ओलं असताना गोणीत भरून ठेवू नये, सावलीत टांगावं.

अंगात घातल्यावर सगळे पट्टे आवळायचे. मग दुसऱ्याने खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढून बघायचं. ते कानापर्यंत आलं तर सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल.

लहान मुलांच्या बाबतीत तर हे जास्तच. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घालून पट्टा दोनदा गुंडाळला की झालं, असं करतात. मूल पाण्यात पडलं की त्या जॅकेटच्या खालून सटकतं. मुलाचं जॅकेट त्याच्या वजनाच्या मापाचं, मानेमागे कॉलर असलेलं आणि दोन पायांमधून पट्टा असलेलं पाहिजे. बोटवाल्याकडे तसं जॅकेट नसेल तर मुलाला त्या दिवशी होडी दाखवा, बसवू नका. मांडीवर घेऊन बसलो म्हणजे मूल सुरक्षित, हेही खरं नाही. बोट उलटताना माणूस आधार धरायला हात उघडतोच.

लुगडं-साडी नेसलेल्या बायांनी जॅकेट पदराच्या वरून घालावं, आतून नव्हे. पुरुषांनी पायातले बूट सैल करून बसावं.

वळीव किती वेळात येतो

पक्ष्यांचा हंगाम थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. शेवटचे महिने म्हणजे एप्रिल-मे, आणि तेच वळवाचे. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी तापलेलं, आणि चार-पाच वाजता एका बाजूला काळं होतं. शेतात असलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही. पण पाण्यात हिशोब बदलतो.

वळवात पावसाच्या आधी वारा येतो. ढगाखालची थंड हवा जमिनीवर आदळून पुढे पसरते, ती ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने, कधी त्याहूनही वेगाने धावते. समजा वीज चमकली आणि तीस सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, म्हणजे ढग दहा किलोमीटरवर आहे. त्याचा वारा तुमच्यापर्यंत पोचायला बारा-पंधरा मिनिटं. चार किलोमीटरचं पाणी ओलांडायला दहाच्या वेगाने चालणाऱ्या इंजिनच्या बोटीला पंचवीस मिनिटं लागतात. वल्ह्याच्या होडीला तासाच्या वर. बाकी हिशोब ज्याचा त्याने करावा. "ढग लांब आहे, पोचतोय तोवर" हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. अर्धा मिनिट मोजायच्या आत गडगडाट आला तर सुटायचं नाही, आणि पाण्यात असाल तर जवळचा काठ गाठायचा, मग तो कुठल्या का गावचा असेना.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणून मघापर्यंत बरं चाललेलं एकाएकी हाताबाहेर गेल्यासारखं वाटतं. उजनीसारख्या रुंद आणि बऱ्याच ठिकाणी उथळ पाण्यात लाटा आखूड आणि उभ्या उठतात. समुद्रातल्या लांब लाटेवर बोट चढते-उतरते. इथे एक लाट संपायच्या आत दुसरी येते.

मोबाईल सगळ्यांकडे आहे, त्याचा इथे उपयोग करा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने बनवलेलं दामिनी ॲप आजूबाजूला विजा कुठे पडतायत ते दाखवतं. सचेत ॲपवर हवामानाचे इशारे मराठीत येतात. फुकट आहेत. सुटायच्या आधी एकदा बघायला मिनिटभर लागतं. उन्हाळ्यात फिरायचं असेल तर सकाळचीच वेळ धरा, पक्षीही तेव्हाच नीट दिसतात. दुपारी चारनंतर वळवाच्या दिवसांत मौजेसाठी पाण्यात जाण्याचं काही कारण नाही.

वाऱ्यात सापडलंच तर

चालवणाऱ्याची खरी परीक्षा इथे. पहिली गोष्ट, सगळ्यांना बाकड्यावरून उठवून बोटीच्या तळात बसवायचं, मधोमध, एकमेकांना टेकून. दुसरी, बोटीची कूस लाटेला द्यायची नाही. लाट बाजूने लागली की बोट आधी कलते, मग भरते, मग उलटते. तोंड लाटेकडे, पण अगदी समोर नाही, थोडं तिरकं ठेवायचं आणि वेग कमी करायचा. वेगात लाटेवर आदळलं तर पुढून पाणी आत येतं. वेग पूर्ण सोडला तर वारा बोट आडवी करतो. एवढाच वेग ठेवायचा की तोंड फिरवता येईल.

काठाची निवड हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. वारा ज्या काठाकडून येतोय त्या काठाजवळ लाटा लहान असतात. वारा ज्या काठावर जाऊन आदळतो तिथे त्या मोठ्या होऊन फुटतात. दोन्ही काठ सारख्याच अंतरावर असतील तर वाऱ्याकडचा काठ धरावा. त्याच्यासाठी वाऱ्यावर जायला लागतं, त्रास होतो, पण तोंड आपोआप लाटेकडे राहतं.

इंजिन बंद पडलं तर नांगर टाकायचा. तो बोटीच्या पुढच्या टोकाला बांधलेला हवा. मागच्या बाजूने टाकला तर इंजिनच्या वजनाने आधीच खाली बसलेली मागची कड लाटेकडे येते आणि बोट भरते. नांगराची दोरी आखूड नको, खोलीच्या पाच-सहा पट तरी सोडावी, तरच तो आडवा ओढला जाऊन गाळात रुततो. नांगर नसेल तर बादली दोरीला बांधून पुढून पाण्यात सोडा. ती पाणी धरते, बोटीचं तोंड वाऱ्याकडे राहतं आणि वाहून जाण्याचा वेग कमी होतो. एवढ्या साध्या बादलीने बोट सावरता येते, पण ती आणि पंधरा-वीस मीटर दोरी बोटीत असायला पाहिजे.

दोरीवरून गाठ आठवली. शेतकऱ्याला गाठी शिकवायला नकोत, पण आपली नेहमीची सवय सरफासाची. तो ओढला की आवळतो. बुडणाऱ्याला टाकायच्या दोरीला सरफास चालत नाही, त्याच्या बरगड्या आवळल्या जातात. तिथे न आवळणारी गाठ लागते. दोरीत एक लहान वेढा करा, टोक खालून त्या वेढ्यातून वर काढा, लांब दोरीच्या मागून फिरवा आणि त्याच वेढ्यातून पुन्हा खाली घाला, मग आवळा. मोठा फास तयार होतो, तो सरकत नाही आणि काम झाल्यावर सहज सुटतो. जगभरचे खलाशी ही गाठ वापरतात. दहा वेळा करून बघितली की अंधारातही येते.

इंजिनला बहुतेक वेळा एक लाल पिळाची दोरी असते. तिचं एक टोक इंजिनच्या कळीला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायचं. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद होतं. आपल्याकडे ती दोरी हँडलला गुंडाळून ठेवलेली असते. मग चालवणारा पडला तर रिकामी बोट गोल गोल फिरत राहते आणि पंखा पाण्यातल्या माणसांकडे येतो.

बोट उलटली तर बोटच धरा

उलटलेली लाकडी बोट बुडत नाही, पालथी तरंगते. फायबरची बोट आत हवेचे कप्पे किंवा फोम असेल तर तरंगते, नसेल तर इंजिनच्या वजनाने खाली जाते. बसायच्या आधी हे विचारावं. बाकड्याखाली झाकण घट्ट बसवलेले वीस लिटरचे रिकामे कॅन बांधून टाकले तरी फरक पडतो, एकेक कॅन वीस किलोच्या आसपास उचल देतो. हा खर्च फार नाही.

काठ दिसतोय म्हणून पोहत सुटू नये. पाण्यावरून काठ जवळ वाटतो. वारा, लाटा, अंगावरचे कपडे यात चांगला पोहणारासुद्धा थकतो. २०२४ च्या अपघातात एक जण पोहून वाचला हे खरं, पण त्यावरून सगळ्यांना पोहायला सांगता येत नाही. बोट धरून राहिलेली माणसं एकत्र राहतात आणि लांबून दिसतात. जॅकेट असेल तर गुडघे छातीशी घ्यावेत, लहान मूल मधे घेऊन सगळ्यांनी एकमेकांचे हात धरावेत. डोकी मोजावीत, ओरडून नव्हे तर शिट्टीने बोलवावं. जॅकेटला शिट्टी नसेल तर बाजारात दहा-वीस रुपयांना मिळते. मोबाईल प्लास्टिकच्या बंद पिशवीत गळ्यात असेल तर ११२ लावता येतो.

काठावरच्या माणसाने लगेच उडी मारू नये. बुडणारा माणूस हाताला लागेल ते घट्ट पकडतो, वाचवणाऱ्यालाही खाली नेतो. आपल्याकडे एकाला वाचवायला गेलेले दुसरे-तिसरे बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आधी बांबू, वल्हं, फांदी पुढे करावी. ते पोचत नसेल तर दोरी, साडी, ठिबकची नळी, ट्रकची ट्यूब, रिकामा कॅन, जे तरंगतं ते टाकावं. तेही जमत नसेल तर दुसरी होडी घेऊन जावं आणि माणसाला मागच्या बाजूने, इंजिन बंद करून, वर घ्यावं.

बाहेर काढलेल्या माणसाला पालथं टाकून पोट दाबणं, उलटं धरून फिरवणं, खांद्यावर घेऊन पळणं, हे अजूनही चालतं. त्यात वेळ जातो आणि पोटातलं पाणी वर येऊन श्वासनळीत जातं. श्वास चालत नसेल तर उताणं निजवावं, हनुवटी वर करावी, नाक दाबून तोंडाने आधी श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध जोरात तीसदा दाबावं आणि दोन श्वास, असं १०८ ची गाडी येईपर्यंत चालू ठेवावं. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावंच, फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

कागद आणि शिक्षण

इंजिनवर चालणाऱ्या अंतर्देशीय बोटींसाठी २०२१ चा केंद्राचा कायदा आहे. त्याने १९१७ चा जुना कायदा गेला. नोंदणी, बोटीची तपासणी, विमा, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र हे सगळं त्यात आहे, आणि राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे येतं. उजनीच्या काठावर किती बोटींकडे हे कागद आहेत, ते प्रत्येक बोटवाल्याला स्वतःला माहीत आहे. कार्यालय लांब, फेऱ्या फार, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पाच तालुक्यांच्या काठासाठी वर्षातून एकदा भिगवण किंवा करमाळ्यात शिबिर लावून बोटी तपासल्या तर निम्मा प्रश्न सुटेल. ग्रामपंचायतींनी तसा ठराव करून पाठवायला काय हरकत आहे?

ज्याला हे काम धंदा म्हणून करायचंय त्याने शिकून घ्यावं. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम चालवते. आपत्ती विभागाच्या आपदा मित्र योजनेत गावातल्या तरुणांना पुरातून माणसं काढण्याचं शिक्षण देतात. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, पुढची तुकडी कधी आहे याची चौकशी तिथे करता येते.

तोपर्यंत दर बोटीला एवढं तरी दिसू द्या : कडेवर रंगाने लिहिलेला माणसांचा आकडा, चालवणाऱ्यासकट सगळ्यांच्या अंगात जॅकेट, बांधलेली बादली, दोरी लावलेला नांगर, एक जादा वल्हं. आणि सुटताना काठावर कुणाला तरी सांगून जावं, किती जण, कुठे, कधी परत. परत आल्यावर त्यालाही कळवावं, नाहीतर तो रात्री बॅटरी घेऊन शोधत बसतो.